सातबाऱ्यावर नाव लागेपर्यंत, आणि त्यानंतर

आमच्या घरची साडेपाच एकर जमीन सासऱ्यांच्या निधनानंतर एकट्या मोठ्या दिरांच्या नावावर चढली आणि त्यांच्या नावापुढे 'ए.कु.क.', म्हणजे एकत्र कुटुंब कर्ता, असा शेरा लागला. त्या शेऱ्याच्या आड सासूबाई, माझे पती आणि नणंद असे तीन वारस होते, परंतु कागदावर त्यांच्यापैकी कोणीही दिसत नव्हते. घर एकत्र चालते तोवर यात कोणाला वावगे वाटत नाही आणि आम्हालाही वाटले नव्हते. बँक मात्र पीककर्ज देताना सातबारा पाहते. माझ्या पतींचे नाव सातबाऱ्यावर नसल्यामुळे त्यांना बँकेचे कर्ज कधीच मिळाले नाही. बियाण्यासाठी हातउसने आणि बोअरसाठी खाजगी सावकाराचे पैसे घेण्यावाचून त्यांच्यापुढे मार्ग उरला नाही. २०१४ आणि २०१५ ही दोन्ही वर्षे मराठवाड्याला कोरडी गेली. २०१५ च्या पावसाळ्यात दुबार पेरणीही वाया गेल्यावर त्यांनी आपले जीवन संपवले.

आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला शासन एक लाख रुपयांची मदत देते, पण त्यासाठी २००६ पासून चालत आलेले निकष आहेत आणि त्यांत कर्ज बँकेचे, सहकारी संस्थेचे किंवा परवानाधारक सावकाराचे असावे लागते. आमचे कर्ज यांपैकी कोणाचेही नव्हते, त्यामुळे आमचे प्रकरण 'अपात्र' ठरले. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून बँकेचे कर्ज नाही आणि बँकेचे कर्ज नाही म्हणून मदत नाही, ही साखळी मला त्या एका शब्दाच्या पत्राने समजावून दिली. पुढे मी जे काही केले त्याची सुरुवात दुःखापेक्षा या हिशेबातून झाली असे मला वाटते.

दहाव्याच्या दिवशी कुंकू पुसले गेले, बांगड्या उतरवल्या गेल्या, मंगळसूत्र काढले गेले. तुळशीची माळ तेवढी गळ्यात राहिली. ती लग्नाच्या आधीपासूनची होती. वडिलांनी पंढरपुरात मला माळ घातली तेव्हा मी शाळेत होते, आणि नवऱ्याच्या मरणाने ती उतरवावी असे कोणालाही सुचले नाही. त्या दिवसानंतर माझी म्हणून जी वस्तू अंगावर उरली ती एवढीच होती.

श्रद्धेने मला बळ दिले, असे लिहिणे सोपे आहे. प्रत्यक्षात श्रद्धेच्या नावाने मला पहिल्या वर्षी जो सल्ला मिळाला तो गप्प बसण्याचा होता. माळकऱ्याने कोर्टकचेरी करू नये, पांडुरंगाच्या मनात असेल ते होईल, घरातले घरात राहू द्यावे, असे सांगणारी माणसे वाईट नव्हती. त्यांतल्या दोघींनी माझ्या मुलांना कित्येक दिवस जेवू घातले होते. परंतु घरातले घरात राहिले तर ते दिरांच्या घरात राहणार होते, आणि माझी दोन मुले त्यांच्या मर्जीवर वाढणार होती, हे मला दिसत होते.

पुढच्या आषाढीला मी आमच्या गावच्या दिंडीबरोबर पंढरपूरला गेले. विधवेने काय करावे आणि काय करू नये याची गावातली यादी वारीच्या वाटेवर कोणी काढत नाही. तिथे माणसे एकमेकांना माऊली म्हणतात आणि एकमेकांच्या पाया पडतात. गावात माझ्यासमोरून जाणे टाळणाऱ्या एका गृहस्थांनी वाखरीच्या अलीकडे माझ्या पायांना हात लावला तेव्हा मी अवघडून गेले. पंढरपुरात एका वृद्ध वारकऱ्याने आम्हा बायकांना तनपुरे महाराजांचा मठ दाखवला आणि साने गुरुजी इथेच उपोषणाला बसले होते असे सांगितले. १९४७ च्या मे महिन्याच्या पहिल्या तारखेला सुरू झालेले ते उपोषण दहा तारखेला संपले आणि विठ्ठलाचे मंदिर हरिजनांसाठी खुले झाले, एवढे मी शाळेत वाचले होते. ज्या गोष्टीचा मी कधी विचार केला नव्हता ती त्या म्हाताऱ्या माणसाने सहज बोलून दाखवली: गुरुजींना स्वतःला आत जायला कोणी अडवले नव्हते. चोखोबांची समाधी महाद्वारासमोर, नामदेव पायरीपाशी आहे. तिच्यापुढे उभे राहताना ते वाक्य माझ्या डोक्यातून गेले नाही. उपोषणाच्या आधी गुरुजींनी महिनोन् महिने महाराष्ट्रभर फिरून लोकांची मने वळवण्याचा प्रयत्न केला होता, हेही मला त्याच वेळी कळले. विठ्ठलाच्या भक्ताने विठ्ठलाच्याच दारात हट्ट धरून बसणे भक्तीच्या विरुद्ध नाही, याची मला तिथे खात्री पटली, आणि घरी आल्यावर मी तलाठी कार्यालयात गेले.

मी माझे आणि माझ्या मुलांचे नाव लावून घ्यायला गेले होते. तिथल्या कोतवालाने, ज्याचे उपकार मी विसरणार नाही, मला पहिली गोष्ट ही समजावली की वारस नोंद एकट्यापुरती होत नसते. मृत खातेदाराचे जितके वारस असतील त्या सगळ्यांची नावे अर्जात आणि प्रतिज्ञापत्रात द्यावी लागतात. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे माझ्या पतींच्या पहिल्या वर्गातील वारसांत मी आणि माझी मुले यांच्याबरोबर त्यांची आईही येते, आणि सासऱ्यांच्या वारसांत तर सासूबाई आणि नणंद दोघीही येतात. म्हणजे माझ्यासाठी भांडायचे तर मला त्या दोघींसाठीही भांडणे भाग होते, आणि त्यांतली एक बाई अजून माझ्याशी नीट बोलतही नव्हती.

आमच्या प्रकरणात मुख्य अडचण जुन्या फेरफाराची, म्हणजे जमिनीच्या नोंदीत झालेल्या जुन्या बदलाची, होती. सासऱ्यांच्या मृत्यूनंतरचा तो फेरफार रीतसर मंजूर झालेला असल्यामुळे तलाठ्यांना त्याच्यामागे जाता येत नव्हते. त्याविरुद्ध महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २४७ प्रमाणे उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील करणे हाच रस्ता होता. अपिलाची मुदत साठ दिवसांची असते आणि आमच्या बाबतीत मध्ये अठरा-वीस वर्षे गेली होती. त्यामुळे अपिलाबरोबर विलंब माफीचा अर्ज जोडावा लागला आणि त्यात, सासूबाईंना व पतींना त्या फेरफाराची नोटीस कधी बजावलीच गेली नव्हती, हा मुद्दा मांडावा लागला. तो सिद्ध करण्यासाठी मूळ फेरफाराची नक्कल आणि नोटिशीची स्थळप्रत, म्हणजे कार्यालयात राहिलेली प्रत, हवी होती. तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज देऊन मी थांबत असे. शेजारी खासरा पत्रकाच्या, म्हणजे जुन्या जमीन-नोंदीच्या, नकला मागणारे लोक बसलेले असत. निजामाच्या राज्यातली जमीन म्हटल्यावर आमच्याकडे प्रत्येक वाद शेवटी १९५४-५५ च्या त्या पत्रकापर्यंत जातो. आमच्या फेरफाराची नक्कल मिळाली, स्थळप्रत मात्र सापडत नाही असे लेखी उत्तर मिळाले, आणि आमच्या वकीलबाईंच्या मते ते उत्तर स्थळप्रतीपेक्षा अधिक उपयोगाचे होते.

वकीलबाई विधी सेवा समितीकडून मिळाल्या. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रीला तिचे उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळतो, ही गोष्ट आमच्या तालुक्यात फार थोड्या बायकांना ठाऊक आहे. मला ती न्यायालयाच्या आवारातल्या एका फलकावरून कळली. तो फलक चहाच्या टपरीमागे झाकला गेला होता, आणि मी तिथे उन्हातून बाजूला व्हायला गेले होते म्हणूनच तो वाचला.

त्यानंतरच्या काळाबद्दल लिहिण्यासारखे फार नाही. तारीख लागायची, अधिकारी निवडणुकीच्या कामावर असायचे. पुन्हा तारीख लागायची, अधिकाऱ्यांची बदली झालेली असायची. अंगणवाडीच्या कामातून सुटी घेऊन जायचे, दुपारपर्यंत बाकावर बसायचे आणि शेवटची एसटी पकडायची. या बाकावर बसण्याच्या काळात मी मुक्त विद्यापीठाची बी.ए.ची पुस्तके वाचून काढली. चिकाटी म्हणून लोक ज्याचे कौतुक करतात ते बहुतेक वेळा इतकेच कंटाळवाणे असते. एकादशीला तारीख आली तर उपास करून जायचे आणि माळ जपत बसायचे, एवढाच माझा नेम होता, आणि त्या नेमामुळे तो वेळ वाया गेला असे मला वाटले नाही.

दिरांबद्दल मला न्यायाने लिहिले पाहिजे. ते लबाड नव्हते. नणंदेचे लग्न त्यांनी केले होते, सासऱ्यांच्या आजारपणाचा खर्च त्यांनी उचलला होता, आणि सून नाव लावून जमीन विकून माहेरी जाईल अशी त्यांना खरोखरच भीती होती. ती भीती त्यांना घालणारे लोक गावात पुष्कळ होते. दुसरे लग्न केले की विधवेचा जमिनीतला हक्क जातो, असे त्यांना कोणी तरी सांगितले होते आणि माझ्या लग्नाची एक अफवाही पसरवून झाली होती. वास्तविक नवऱ्याच्या मृत्यूच्या क्षणी पत्नीला मिळालेला वारसा तिने नंतर लग्न केले म्हणून परत जात नाही, आणि स्त्रीला मिळालेल्या मालमत्तेची ती पूर्ण मालक असते, हे हिंदू उत्तराधिकार कायद्याचे कलम १४ सांगते. हे मी त्यांना अनेकदा समजावले, पण जी गोष्ट वकिलाने सांगितल्यावर पटते ती भावजयीने सांगितल्यावर पटत नाही.

अपिलाचा निकाल आमच्या बाजूने लागला, विलंब माफ झाला आणि वारसांची नव्याने चौकशी करण्याचा आदेश झाला. मग गावपातळीची प्रक्रिया सुरू झाली. तलाठ्यांनी स्थानिक चौकशी केली, पोलीस पाटलांचा आणि शेजाऱ्यांचा जबाब घेतला, वारसांची नावे गाव नमुना ६-क मध्ये लिहिली, नमुना ६ मध्ये फेरफार धरला आणि सर्व हितसंबंधितांना नोटिसा काढल्या. नोटिशीनंतर हरकतीसाठी पंधरा दिवस असतात. चौदाव्या दिवशी दिरांची हरकत आली, नोंद विवादग्रस्त प्रकरणांच्या नमुना ६-अ मध्ये गेली आणि सुनावणी मंडळ अधिकाऱ्यांपुढे लागली.

त्या सुनावणीत नणंद म्हणाली की ती हक्कसोड करून देणार नाही, पण वहिनीच्या नावालाही तिची हरकत नाही. बहिणीने भावाला हक्कसोड लिहून द्यायची हे आमच्याकडे इतके गृहीत असते की तिच्या पहिल्या वाक्याने खोलीत कुजबुज झाली. मग अधिकाऱ्यांनी सासूबाईंना विचारले. त्या तोवर भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या. उठून उभ्या राहत त्या म्हणाल्या, "सायब, मला दोन ल्योक अन् एक लेक. धाकला गेला म्हणून त्याची लेकरं बी गेली व्हय? अन् माझं नाव कुठंय त्या कागदावर, त्ये बी दावा." दिरांनी मान खाली घातली. त्यांनी हरकत मागे घेतली नाही, परंतु वकिलाला पुढे काही बोलूही दिले नाही. सासूबाईंना कागदाचा हा अर्थ कधी लागला हे मी त्यांना विचारले नाही. माझ्या अर्जात वारस म्हणून त्यांचे नाव सर्वांत वर होते, आणि तो अर्ज माझ्या थोरल्या मुलाने त्यांना घरी वाचून दाखवला होता, इतके मला ठाऊक आहे.

२०१९ मध्ये फेरफार प्रमाणित झाला आणि नवा सातबारा निघाला. त्यावर सासूबाई, दीर, नणंद, मी आणि माझी दोन मुले अशी नावे आहेत. मुले अज्ञान, म्हणजे वयाने लहान, असल्याने त्यांच्या नावापुढे 'अ.पा.क. आई', म्हणजे अज्ञान पालनकर्ता आई, असा शेरा आणि माझे नाव लागले. त्याच वर्षी जून महिन्यात शासनाने आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांच्या पत्नींच्या वारस नोंदी प्राधान्याने करण्याबाबत निर्णय काढला. त्यामागे महिला किसान अधिकार मंचासारख्या संघटनांनी विदर्भ-मराठवाड्यात केलेले काम होते. माझी नोंद त्याच्या आधाराशिवाय झाली, पण पुढे इतर बायकांसाठी मी तो कागद बॅगेतच ठेवत आले.

माझे काम झाले तेव्हा मला मोकळे वाटायला हवे होते. झाले उलटेच. सकाळी उठून कशासाठी झगडायचे हे इतकी वर्षे ठरलेले होते आणि आता ते एकदम संपले होते. कीर्तनात मन लागेना. मग आमच्या भजनी मंडळातली एक बाई एकादशीच्या रात्री देवळात थांबून राहिली आणि तिने पदराच्या गाठीतून शंभर रुपयांच्या मुद्रांकाची घडी काढली. नवऱ्याच्या तेराव्याच्या आधीच सासरच्यांनी तिचा अंगठा घेतला होता आणि तिने हक्क सोडला असे त्यावर लिहिले होते. तो दस्त नोंदणीकृत नव्हता, आणि नोंदणी न झालेल्या हक्कसोडीने स्थावर मालमत्तेतला हक्क जात नाही, हे मला तोवर तोंडपाठ झाले होते. तिला ते सांगताना तिच्या चेहऱ्यात जो फरक पडला तो पाहिल्यावर मला मठातल्या त्या म्हाताऱ्याचे वाक्य आठवले. मी आता आत होते; ती दाराशी होती.

तेव्हापासून एकादशीचे भजन झाले की टाळ बाजूला ठेवून आम्ही कागद वाचतो. वाचणारी सुरुवातीला मी एकटी होते, आता चौघी-पाचजणी आहेत. प्रत्येकीचे प्रकरण वेगळे असते, तरी अडण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. सर्वांत मोठी अडचण मृत्यूच्या दाखल्याची. आमच्या भागातून माणसे दर दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, आणि मृत्यू जिथे घडला तिथेच त्याची नोंद होते. एका बाईचा नवरा बेळगाव जिल्ह्यातल्या फडावर वारला होता. ती दोन वर्षे आपल्याच ग्रामपंचायतीत चकरा मारत होती आणि तिला कोणी सांगितले नव्हते की हा दाखला इथे मिळणारच नाही. मृत्यूची नोंद एकवीस दिवसांत करायची असते, आणि वर्ष उलटून गेले की दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय ती होत नाही. आम्ही कारखान्याकडून आणि मुकादमाकडून त्या मृत्यूचे पुरावे गोळा केले, तिच्या भावाला तिकडे पाठवले आणि त्या दाखल्यासाठी कानडी अर्ज लिहिणारा माणूस शोधला. मुकादमाने सही देण्यासाठी उचलीचा, म्हणजे आगाऊ दिलेल्या पैशांचा, हिशेब पुढे केला, तेव्हा भजनी मंडळातल्या सगळ्याच बायका त्याच्या अंगणात जाऊन बसल्या. कोणी घोषणा दिली नाही. संध्याकाळच्या आत सही झाली.

या कामामुळे गावात नाराजी आहे आणि ती राहील. आमच्या दिंडीच्या एका कारभाऱ्याने मला निरोप पाठवला की वारीत घरफोडीच्या गोष्टी नकोत. मी त्यांच्या घरी गेले, त्यांच्या पाया पडले आणि म्हणाले, "तात्या, चालताना फक्त नामस्मरण करीन. मुक्कामाच्या ठिकाणी कोणी कागद दाखवला, तर मात्र वाचून सांगेन." त्यांनी होकारही दिला नाही आणि नकारही दिला नाही. पुढच्या वर्षी त्यांच्या विधवा भाचीचे कागद त्यांनीच माझ्याकडे पाठवले, अर्थात एका मुलाच्या हाती आणि रात्रीच्या वेळी.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्यभर त्याची चर्चा झाली. आमच्याकडेही तसा ठराव व्हावा असे मला वाटते आणि मी त्यासाठी हातही वर करीन. तरीही कुंकू आणि सातबारा यांत आधी काय, असे कोणी विचारले तर मी सातबारा म्हणेन. नाव लागलेल्या बाईला पीककर्ज मिळते, पीकविमा भरता येतो, मोबाइलवरून ई-पीक पाहणी स्वतः नोंदवता येते, पीएम किसानचे वर्षाला सहा हजार रुपये तिच्या खात्यात येतात, आणि एवढे झाल्यावर तिच्या कपाळाकडे बोट दाखवण्याचे धाडस फारसे कोणी करत नाही. हे मी आमच्या गावात पाहिले आहे.

एप्रिल २०२५ पासून शासनाने 'जिवंत सातबारा' मोहीम राज्यभर घेतली, तेव्हा मृत खातेदारांची यादी गावात वाचली गेली. आमच्या मंडळातल्या बायका त्या वाचनाला पुढे बसल्या होत्या आणि ज्या नावाला वारस म्हणून फक्त मुलगे सांगितले जात तिथे त्या आई, पत्नी आणि मुली विचारत होत्या. वाचणारे ग्राम महसूल अधिकारी, म्हणजे पूर्वीचे तलाठी, तरुण होते. थोड्या वेळाने त्यांनी स्वतःच प्रत्येक नावानंतर थांबून आमच्याकडे पाहायला सुरुवात केली. त्या यादीतल्या बऱ्याच नोंदी झाल्या, काहींना हरकती आल्या, आणि दोन प्रकरणे दिवाणी न्यायालयात गेली आहेत, कारण फेरफार ही महसुली नोंद आहे, मालकीचा वाद अखेर दिवाणी न्यायालयच मिटवते.

माझ्या स्वतःच्या जमिनीचे वाटप अजून झालेले नाही. सातबारा सामाईक आहे आणि विहिरीजवळचा तुकडा दीरच कसतात. मी माळाकडचा दीड एकर करते, त्यात तूर आणि सोयाबीन घेते. जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली वाटपासाठी सगळ्या सहधारकांची संमती लागते. नणंदेने ती दिली आहे, सासूबाईंनी अंगठा उमटवला आहे, दिरांनी विचार करायला आषाढीपर्यंतचा वेळ मागितला आहे. यंदा त्यांनीही दिंडीत नाव नोंदवले असल्यामुळे मोजणीचा अर्ज मी वारीहून परतल्यावर भरणार आहे.